सात माणसांचं ओझं

१८५० साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर मेघालयातल्या खासी टेकड्यांत निळ्या वँडापाशी पोचला. लंडनजवळच्या क्यू बागेसाठी त्याने या आमरीची, म्हणजे ऑर्किडची, सात माणसांच्या पाठीवरची ओझी गोळा केली. विलायतेला जिवंत उतरली ती मोजकीच. जागा पाहून ठेवायला एका गृहस्थाने त्याच्याबरोबर आपला माळी धाडला होता. त्या गृहस्थाचं एकच ओझं अर्धमेलं पोचलं, तरी ३०० पौंडांना गेलं. हा हिशेब हूकरनेच लिहून ठेवला आहे.

त्यासोबतचं त्याचं निरीक्षण मला अधिक मोलाचं वाटतं. ही आमरी दमट, काळोख्या रानात नव्हतीच. खुरट्या ओकांच्या फांद्यांवर, उन्हावाऱ्यात, हिवाळ्याची कोरडी थंडी सोशीत ती उघडी बसली होती. आणि विलायतेत तिच्यासाठी तयार होतं ते गरम, ओलं, हवा कोंडलेलं काचघर. उष्ण कटिबंधातली म्हणजे वाफ हवीच, ही समजूत! आमरीच्या जाती पंचवीस हजारांवर, आणि घर सगळ्यांना एकच.

आपण हसायला नको. आपल्याकडे आमरीला बांडगूळ समजून ओरबाडतात. गैरसमज जुनाच, ‘वँडा’ हे नाव ज्यावरून आलं, तो संस्कृत ‘वन्दा’ शब्दही झाडावरच्या उपऱ्या झाडाचाच. खरं तर आमरी फांदीचा फक्त आधार घेते, रस नाही. उलट कुणी कौतुकाने आणतो आणि कुंडीत मातीत पुरतो. मीही पुरली होती. महिन्याभरात मुळांचा लगदा झाला. वँडाचं मूळ जवळून पाहावं. कोरडं असताना चुना फासल्यासारखं, पाणी शिंपडलं की बघता बघता हिरवं. वरचं स्पंजासारखं आवरण पाणी झटकन पितं, मग मात्र त्याला वारा लागलाच पाहिजे. लाकडी पट्ट्यांची टोपली, फार तर कोळशाचे चार तुकडे, माती नकोच.

बियांचं कोडं याहून चिवट. बी धुळीसारखं, आत शिदोरी नाही. १८९९ मध्ये फ्रान्सच्या नोएल बर्नारला ते रुजायला मदत करणारी बुरशी उमगली. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने साखर घातलेल्या अगारच्या जेलीवर बुरशीवाचून बी रुजवलं. रानातून ओझी वाहून आणायचं कारण तिथेच संपायला हवं होतं. ओरबाडणं मात्र चालूच राहिलं.

आता निळी वँडा रोपवाटिकेत मिळते, बहुधा संकरित. मूळ डोंगरी जात मुंबईच्या उकाड्यात कुढते, संकर निभावून नेतो. रोपाच्या चिठ्ठीवर नाव असतं, किंमत असते. झाड कुठल्या उंचीवरचं, किती थंडीतलं, ते आपणच विचारायचं.