नाव तेच, कव्हर तेच, मग पीसीवरची फिफा जुनी कशी?

समजा, नागपुरातले दोन मित्र आहेत. एक धरमपेठेत राहतो, दुसरा मानेवाड्याला. साल २०२१, महिना ऑक्टोबर. नवीकोरी फिफा २२ नुकतीच आलीये. धरमपेठवाल्याकडे पीएस ५ आहे. मानेवाड्यावाल्याकडे पीसी आहे, इंजिनीअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली म्हणून घरच्यांनी घेऊन दिलेला. दोघांनीही गेम विकत घेतला. दोघांच्या कव्हरवर तोच किलियन एम्बापे, तेच नाव, त्याच टीम. आठवडाभरानं पीसीवाला मित्राच्या घरी जातो, कंट्रोलर हातात घेतो आणि पाच मिनिटांत म्हणतो, "हा गेमच वेगळा आहे बे!"

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

त्या वर्षी ईए कंपनीनं सगळी जाहिरात एकाच शब्दावर केली होती, हायपरमोशन. २२ व्यावसायिक फुटबॉलपटूंना सेन्सर लावलेले सूट घालून खराखुरा अकरा विरुद्ध अकरा सामना खेळवला, त्यातल्या ८७ लाख फ्रेम्स संगणकाला शिकवल्या आणि त्यावरून खेळाडूंच्या चार हजारांहून जास्त नव्या हालचाली गेममध्ये टाकल्या. पण हे सगळं मिळालं फक्त पीएस ५, एक्सबॉक्स सीरिज एक्स आणि एस, आणि गूगलच्या स्टेडिया या सेवेला. पीसीला मिळाली ती पीएस ४ वाली जुनी आवृत्ती. गंमत बघा, स्टेडिया ही इंटरनेटवरून गेम चालवणारी सेवा होती, म्हणजे साध्या ब्राउझरमध्ये नवी फिफा चालायची. फक्त ती सेवा भारतात कधी आलीच नाही आणि जानेवारी २०२३ मध्ये बंदही पडली.

आता पहिला प्रश्न कुणाच्याही मनात येणार. पीसी तर कन्सोलपेक्षा दणकट असतो ना? चांगलं ग्राफिक्स कार्ड टाकलं तर पीएस ५ ला मागे टाकतो. मग पीसीला जुना माल का?

कंपनीचं उत्तर असं होतं की दणकट पीसी मोजक्यांकडे असतात आणि आम्हाला सगळ्यांचा विचार करावा लागतो. हे उत्तर नीट समजून घ्यायचं असेल तर फिफा २२ च्या डब्यावरची 'किमान गरज' बघा. इंटेलचा कोअर आय३ ६१०० हा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स ६६० हे कार्ड. जीटीएक्स ६६० बाजारात आलं होतं २०१२ साली. म्हणजे २०२१ चा गेम नऊ वर्षं जुन्या कार्डवर चालला पाहिजे, अशी अट कंपनीनं स्वतःलाच घालून घेतली होती.

ही अट मूर्खपणाची वाटते, पण नागपुरातल्या घरांकडे बघितलं तर तितकी वाटत नाही. आपल्याकडे पीसी गेमसाठी घरात येत नाही. बारावीचा अभ्यास, इंजिनीअरिंगचे प्रोजेक्ट, ताईचं ऑनलाइन काम, बाबांचे जीएसटीचे रिटर्न, या नावाखाली तो येतो. ग्राफिक्स कार्ड नंतर येतं, पॉकेटमनी साठवून आणि बऱ्याचदा सेकंडहँड. कन्सोलचं तसं नाही. तो टीव्हीला जोडायचा आणि त्यावर खेळायचं, त्याला 'अभ्यासाला लागतो' म्हणून खपवता येत नाही. २ फेब्रुवारी २०२१ ला पीएस ५ भारतात आला तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत होती ४९,९९० रुपये आणि सोनीच्या स्वतःच्या नव्या गेमची ४,९९९ रुपये. घरी हे कुणी कसं मांडायचं?

बरं, पीसी सुधारायचा म्हटलं तरी २०२१ हे साल सगळ्यात वाईट होतं. कोरोनामुळे चिप्सचा तुटवडा आणि क्रिप्टोचं माइनिंग करणाऱ्यांनी उचललेली कार्डं, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड छापील किमतीला मिळणं मुश्कील झालं होतं. जगभरात स्टीमवर खेळणाऱ्यांमध्ये तेव्हा सगळ्यात जास्त दिसणारं कार्ड होतं जीटीएक्स १०६०, तेही २०१६ चं. थोडक्यात, कंपनी ज्या 'कमजोर पीसीवाल्यां'चं नाव पुढे करत होती त्यात आपण होतो.

पण इथे एक पळवाट सुचते. पीसीच्या गेममध्ये 'लो, मीडियम, हाय' अशी सेटिंग असते. मग नवी आवृत्तीच द्यायची आणि कमजोर पीसीवाला 'लो'वर खेळेल, असं का नाही केलं? याचं उत्तर स्पोर्ट्स गेमच्या स्वभावात आहे, आणि खरी मेख इथेच आहे.

एखाद्या मारधाडीच्या गेममध्ये 'लो' केलं की सावल्या जातात, झाडं कमी होतात, खेळ तोच राहतो. फुटबॉलच्या गेममध्येही गवत, प्रेक्षक, जाळी हे कमी-जास्त करता येतं. पण हायपरमोशनसारखी गोष्ट ही सजावट नाही. डिफेंडर कधी वळणार, दोन खेळाडू हवेत एकमेकांना कसे भिडणार, बॉल पायाला लागून कुठे जाणार, हे ती ठरवते. ऑनलाइन सामन्यात एकाच्या पीसीवर डिफेंडर नव्या पद्धतीनं वळतोय आणि दुसऱ्याच्या पीसीवर जुन्या, असं चालणारच नाही. दोघांच्या मशीनवर एकच खेळ हवा. म्हणजे पीसीवर नवं आणायचं तर सगळ्यांसाठी आणावं लागतं, नाहीतर कुणासाठीच नाही. तिसरा मार्ग म्हणजे पीसीसाठी दोन वेगळे गेम विकायचे, दोन्ही तपासायचे, दोघांचे ऑनलाइन खेळाडू वेगळे ठेवायचे. त्यात या गेमला सुट्टी नसते. दर सप्टेंबर-ऑक्टोबरला नवा आलाच पाहिजे, कारण युरोपातला हंगाम सुरू झालेला असतो. जुन्या आणि नव्या कन्सोलसाठी दोन गेम एकाच वेळी बनवताना पीसीला कुठल्या तरी एका रांगेत उभं करायचं होतं. ईएनं जुन्या रांगेत उभं केलं.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २०१३ मध्ये पीएस ४ आला तेव्हा फिफा १४ चं नवं 'इग्नाइट' इंजिन कन्सोलला मिळालं, पीसीला जुनंच. कारणही तेच दिलं होतं, बहुतेकांचे पीसी तेवढे ताकदीचे नाहीत. पुढच्या वर्षी फिफा १५ ला पीसीचा नंबर लागला.

बाकीचे खेळ तर त्याहून वाईट. बास्केटबॉलच्या एनबीए २के नं पीसीवाल्यांना २के२१ पासून २के२४ पर्यंत चार वर्षं जुन्या आवृत्तीवर ठेवलं. बरोबरीचा गेम मिळाला तो सप्टेंबर २०२४ मध्ये, २के२५ च्या रूपात. अमेरिकन फुटबॉलचा मॅडन २००७ नंतर पीसीवरून गायबच झाला, परतला थेट २०१८ मध्ये. आइस हॉकीचा एनएचएल २००९ च्या आवृत्तीनंतर पीसीवर आलेला नाही आणि बेसबॉलचा एमएलबी द शो कधीच आला नाही.

आता कंपन्या 'तुमचे पीसी जुने' एवढंच सांगत असल्या तरी आमच्या मते ते अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं पैशाचं आहे. २००८ मध्ये मॅडन पीसीवर का नाही, हे सांगताना ईए स्पोर्ट्सचे तेव्हाचे प्रमुख पीटर मूर यांनी धंद्याच्या अडचणींचा उल्लेख केला होता, आणि त्यात पायरसी होती. आपण तरी काय सांगायचं? त्या काळात पेन ड्राइव्हमधून गेम न घेतलेला माणूस आपल्या ओळखीत सापडणं कठीण. डेनुवो नावाचं कुप्रसिद्ध कुलूप सुरुवातीला ज्या गेमला लागलं तो फिफा १५ च होता, हा काही योगायोग नव्हे.

पुढे पैसा डिस्कपेक्षा गेमच्या आत जास्त मिळू लागला. 'अल्टिमेट टीम' या प्रकारात लोक खऱ्या पैशांनी खेळाडूंची पाकिटं विकत घेतात. मार्च २०२१ ला संपलेल्या आर्थिक वर्षात ईएला यातून १.६२ अब्ज डॉलर मिळाले, एकूण कमाईच्या २९ टक्के. असा बाजार चालवायचा तर चीटिंग परवडत नाही, आणि पीसीवर चीटिंग करणं कन्सोलपेक्षा कितीतरी सोपं. कन्सोल हा कुलूपबंद डबा असतो, पीसीवर कुणीही गेमच्या फाइल उघडून खुडबुड करतो. फिफा २३ मध्ये पीएस ५ आणि एक्सबॉक्सचा खेळाडूंचा बाजार एकत्र केला, पीसीचा मात्र वेगळाच ठेवला, त्यावरून कंपनीचा पीसीवर किती विश्वास आहे ते कळतं.

तरीही फिफा २३ लाच, म्हणजे सप्टेंबर २०२२ मध्ये, पीसीला एकदाची नवी आवृत्ती मिळाली. पीएस ५ वाल्यांबरोबर ऑनलाइन खेळायचीही सोय झाली. मानेवाड्यावाला मित्र खूश व्हायला हवा. पण त्याबरोबर काय काय आलं ते बघा. किमान कार्ड जीटीएक्स ६६० वरून जीटीएक्स १०५० टीआय झालं, प्रोसेसर आय३ वरून आय५. पीसी आवृत्तीची अमेरिकेतली किंमत ६० वरून ७० डॉलर झाली, कारण आधीची ६० ही जुन्या आवृत्तीची किंमत होती. आणि चीटिंग रोखायला विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरणारं नवं सॉफ्टवेअर आलं, ज्यानं पहिल्याच दिवशी पैसे भरलेल्या अनेकांना गेम उघडूच दिला नाही.

म्हणजे २०२१ मध्ये ज्याच्याकडे तगडा पीसी होता तो नाराज होता, आणि २०२२ मध्ये ज्याच्याकडे जुनं कार्ड होतं तो बाहेर फेकला गेला. मानेवाड्यावाल्याच्या पीसीत जीटीएक्स ७५० असेल तर त्याच्यासाठी फिफा २२ हीच शेवटची फिफा.

आता तुम्ही म्हणाल, फुटबॉल-बास्केटबॉलचं ठीक आहे, जामठ्याला मॅच बघणाऱ्या गावात क्रिकेटचं बोला. क्रिकेटमध्ये चित्र जास्तच विचित्र आहे. आपल्या पिढीचा गेम म्हणजे ईएचा क्रिकेट ०७, जो नोव्हेंबर २००६ मध्ये पीसी आणि पीएस २ वर आला. त्यानंतर ईएनं क्रिकेटला रामराम ठोकला. कोडमास्टर्सचा इंटरनॅशनल क्रिकेट २०१० फक्त पीएस ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, पीसीला चक्क वगळलं. २०१३ चा अ‍ॅशेस क्रिकेट उलट पीसीवर आधी आला आणि इतका मोडका निघाला की काही दिवसांत स्टीमवरून काढून घेऊन लोकांना पैसे परत करावे लागले. कन्सोलवर तो पोचलाच नाही. मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजचा डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ कन्सोलवर एप्रिल २०१४ मध्ये आला, पीसीवर जूनच्या शेवटी. त्यानंतरचे त्यांचे गेम मात्र पीसीवरही येत राहिले.

मग क्रिकेट ०७ इतकी वर्षं टिकला कसा? पीसीमुळेच. मूळ गेममध्ये परवाना नव्हता म्हणून भारतीय खेळाडूंची नावंसुद्धा बदललेली होती. पण पीसीवर फाइल उघडता येतात. लोकांनी नावं दुरुस्त केली, जर्सी बदलल्या, बॅटवरचे स्टिकर बदलले, आयपीएलच्या टीम घातल्या. पीएस २ ची डिस्क २००६ मध्येच थांबली. २०२५ मध्ये विदर्भानं जामठ्यावर केरळविरुद्धच्या फायनलनंतर तिसऱ्यांदा रणजी ट्रॉफी उचलली, ती टीम स्वतः बनवून खेळायची असेल तर १९ वर्षं जुना पीसी गेमही ते करू देतो. ज्या मोकळेपणामुळे कंपन्या पीसीला घाबरतात, तोच मोकळेपणा इथे कामाला आला.

बाकी आज भारतातला बहुतेक पोरगा क्रिकेट मोबाइलवरच खेळतो. चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचा वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप किंवा नॉटिलसचा रिअल क्रिकेट, त्याला पीसी-कन्सोलच्या या भांडणाशी देणंघेणं नाही.

सध्याची स्थिती सांगायची तर फिफाचं नाव बदलून ईए स्पोर्ट्स एफसी झालंय आणि त्याची पीसी आवृत्ती पीएस ५ च्या बरोबरीची आहे. मॅडन २४ पासून आणि एनबीए २के२५ पासून तेही पीसीवर बरोबरीत आले. ईएचा कॉलेज फुटबॉल २५ मात्र २०२४ मध्ये पीसीशिवायच आला. जुनी रांग अजून आहेच, तिच्यात उभा असलेला माणूस बदललाय. एफसी २६ पीएस ४ वरही विकला जातो, त्याच नावानं, तसंच कव्हर लावून, पण आतून जुनी आवृत्ती. त्यामुळे सीताबर्डीत स्वस्तात मिळतोय म्हणून सेकंडहँड पीएस ४ घेत असाल, तर डिस्कच्या डब्यावर वरच्या पट्टीत ४ लिहिलंय की ५, ते आधी बघा.