टेलच्या शेतकऱ्याचे मत

कालव्याच्या टेलला शेत असणे म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. धरण भरल्याचे आकडे छापून येतात, आवर्तन सुटते आणि आपल्या बांधाशी पोचते ती नुसती ओल. मग रात्री बॅटरी आणि फावडे घेऊन पाटाच्या कडेने वर चालत जायचे, कुणी पाट फोडला, कुणी दगड घालून पाणी वळवले ते पाहायचे, भांडायचे आणि पहाटे कोरड्या सरीशी परत यायचे. वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात, कोलवण नदीवर. त्याच्या कालव्याचे शेवटचे टोक मात्र ओझरकडे. त्या टोकाचे शेतकरी वर्षानुवर्षे कागदावर बागायतदार आणि शेतात कोरडवाहू होते.

ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990च्या सुमारास या शेतकऱ्यांना एकत्र बसवले. पाण्याची मागणी होतीच. पण तिच्याबरोबर त्यांनी एक साधी गोष्ट मागितली: पाणी मोजून द्या. टेलकडे तीन पाणीवापर संस्था झाल्या, त्यांनी पाटबंधारे खात्याशी करार केले, चारीच्या तोंडाशी मोजमाप सुरू झाले आणि पाणीपट्टी घनमापावर भरली जाऊ लागली. पुढे अशा 24 संस्था उभ्या राहिल्या आणि प्रकल्पाचे पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आले. 2005 मध्ये राज्याने सिंचन पद्धतीच्या व्यवस्थापनाचा कायदा केला, त्यात संचालक मंडळावर शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना जागा ठेवल्या. टेलवाला वरच्याच्या दयेवर राहिला नाही, कारण सभेत त्याला बसायला जागा मिळाली आणि वहीत त्याचे नाव आले.

हे आज आठवायचे कारण पाणी नव्हे, मत. मतपेटीत पडते तेही मत आणि मनात असते तेही मत; मराठीत दोन्हींना शब्द एकच. पहिल्या मताला यादी आहे, तारीख आहे, बोटावरची शाई आहे, मोजणी आहे. दुसऱ्या मताला पाटच नाही. ते टपरीवर, एसटीत, द्राक्षाच्या मांडवाखाली बोलले जाते आणि तिथेच जिरते.

दिंडोरीतला एक नागरिक डोळ्यांसमोर आणा. दोन-अडीच एकर बाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर त्याचे दिवस डोळे फुटण्याच्या, घड निघण्याच्या आणि पावसाच्या धास्तीत जातात. गुरुवारी तो स्वामी समर्थ केंद्रात आरतीला उभा असतो. रात्री पोरांबरोबर मोबाइलवर युरोपातला फुटबॉल पाहतो. त्याने मत एका पक्षाला दिले आहे, पण त्याच पक्षाचे कांद्याचे धोरण त्याला पटलेले नाही. माल तो निर्यातदाराला देतो, पण दराचा कागद आधी मागतो. देवावर त्याची श्रद्धा आहे, पण देवाच्या मंडपात पुढाऱ्याचा फलक त्याला खटकतो. पक्षाच्या कार्यकर्त्याला हा माणूस भरवशाचा वाटत नाही, कारण त्याची मते एका गठ्ठ्यात बांधता येत नाहीत. आम्हाला मात्र लोकशाहीतला खरा नागरिक हाच वाटतो. तो गोंधळलेला नाही. त्याला विचारणारे कुणी नाही, एवढेच.

2024ची लोकसभा निवडणूक आठवा. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागले, 8 डिसेंबरला निर्यातच बंद झाली. लासलगाव, पिंपळगाव, चांदवडच्या आवारात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. चार-पाच महिने शेतकरी ओरडत होता. निर्यात खुली झाली ती 4 मे 2024 रोजी, मतदान 16 दिवसांवर आल्यावर, आणि तीही 550 डॉलरच्या किमान दराच्या आणि 40 टक्के शुल्काच्या अटीवर. 15 मे रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली, तेव्हा गर्दीतून एका तरुणाने कांद्यावर बोला म्हणून हाक दिली. त्याला बाहेर नेण्यात आले. 20 मे रोजी मतदान झाले. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या डॉ. भारती पवार 1 लाख 13 हजार मतांनी हरल्या आणि शिक्षक असलेले भास्कर भगरे निवडून आले.

याच मोजणीत आणखी एक आकडा होता आणि त्याच्याकडे पुरेसे गांभीर्याने पाहिले गेले नाही. बाबू भगरे नावाच्या अपक्ष उमेदवाराला 1 लाख 3 हजारांहून अधिक मते पडली. त्यांचे चिन्ह तुतारी, आणि भास्कर भगरे यांचे तुतारी वाजवणारा माणूस. आडनाव तेच, तुतारी तीच. या लाखभर मतदारांना अडाणी ठरवून विनोद करणे सोपे होते आणि तसे विनोद झालेही. सुरगाण्याच्या, पेठच्या शिवेवरचा माणूस मजुरी बुडवून, ऐन मे महिन्याच्या उन्हात केंद्रापर्यंत येतो, मनाशी काही ठरवून येतो, आणि यंत्रावर दोन सारखी नावे, दोन सारखी चित्रे त्याच्यासमोर ठेवली जातात. ज्यांनी विचारपूर्वक अपक्षाला मत दिले त्यांचा तो हक्कच. पण ज्याचे मत दुसरीकडे गेले त्याच्याकडे ते दुरुस्त करायला पाच वर्षे कोणतीच जागा नाही.

मोठ्या माणसालाही नाही. दिंडोरीचे आमदार नरहरी झिरवाळ विधानसभेचे उपाध्यक्ष होते. 4 ऑक्टोबर 2024 रोजी आदिवासींच्या आरक्षणाच्या आणि अनुसूचित क्षेत्रातल्या (पेसा) भरतीच्या प्रश्नावर त्यांनी इतर आमदारांसह मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी मारली. ती जाळी लोकांनी जीव देऊ नये म्हणून बांधलेली. त्यांच्या मागणीबद्दल दोन मते असू शकतात. पण सभागृहाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला आपले म्हणणे ऐकवण्यासाठी जाळी गाठावी लागत असेल, तर ननाशीच्या पाड्यावरच्या बाईने कुठे जायचे? 2018च्या मार्चमध्ये तिच्यासारख्या हजारो जणी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेल्या. वनजमिनीचे दावे वर्षानुवर्षे धूळ खात पडले होते. पायांना फोड आले, चपला तुटल्या. दहावीची परीक्षा होती, पोरांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालून ही माणसे आझाद मैदानावर पोचली. इतकी समज असलेल्या माणसांना मत मांडण्यासाठी 180 किलोमीटर चालावे लागले, आणि 2023 मध्ये पुन्हा निघावे लागले.

कंपन्यांबद्दल बोलताना दिंडोरीत सरसकट शिव्या घालून चालत नाही. या तालुक्याने कंपनीची अनेक रूपे पाहिली आहेत. मद्याचे कारखाने आहेत, वायनरी आहेत, अक्राळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या उद्योगांना जमिनी मिळाल्या आहेत. आणि मोहाडीला सह्याद्री फार्म्स आहे, विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली, शेतकऱ्यांच्या मालकीची. उत्पादक कंपनीच्या कायद्यात सभासदाकडे दहा समभाग असोत की हजार, मत एकच. सहकारातले हे तत्त्व 2002च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आणले. 2022 मध्ये सह्याद्रीच्या व्यवसायात युरोपातून 310 कोटी रुपयांची गुंतवणूक आली, त्याचा आम्हाला आनंद आहे. शीतगृह, पॅकहाऊस, प्रक्रिया यांना भांडवल लागतेच. पण भांडवल आले की सभासदाचा आवाज तेवढाच राहतो का, हे प्रत्येक वार्षिक सभेत तपासून पाहायचे काम सभासदांचे आहे.

इतर ठिकाणी तर तेवढाही हक्क नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षे नाकारली, तेव्हा तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतेच. यादी करणारा वेगळा, नाकारणारा वेगळा. नुकसान मात्र बागेवाल्याच्या सातबाऱ्यावर. दरवर्षी कुणी ना कुणी व्यापारी माल तोडून नेतो आणि पैसे न देता पसार होतो. तेव्हा बागेवाल्याच्या हातात फक्त साधी पावती उरते, कधी तीही नाही. उद्योगांचा प्रभाव म्हणतात तो दिल्ली-मुंबईत देणग्यांच्या आकड्यांत दिसत असेल. इथे तो न केलेल्या करारात दिसतो.

श्रद्धेबद्दल लिहिताना आम्ही हात राखून लिहिणार नाही आणि हिणवूनही लिहिणार नाही. स्वामी समर्थांच्या दिंडोरी प्रणीत सेवामार्गाने या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. या मार्गाचे गुरू मोरेदादा यांच्या काळापासून इथे माणसे येतात ती नुसती दर्शनाला नव्हे, तर प्रश्न घेऊन. पोरीचे लग्न, नवऱ्याचे व्यसन, बागेवरचे कर्ज, न लागणारी नोकरी. समोर बसलेला सेवेकरी मान हलवून सगळे ऐकतो. त्याने सांगितलेल्या उपायाबद्दल कुणाचे काहीही मत असो, पण तलाठी कार्यालयात, बँकेत, दवाखान्यात जी गोष्ट मिळत नाही ती इथे मिळते: कुणीतरी पूर्ण ऐकून घेते. चैत्रात खानदेशातून उन्हातान्हात चालत वणीच्या गडावर येणारी माणसेही आईला काहीतरी सांगायलाच येतात. राज्यकर्त्यांनी या गर्दीकडे पाहून हात जोडण्याआधी विचार करावा की, ही माणसे आपल्याकडे का आली नाहीत.

आणि या गर्दीची मते म्हणून मोजणी करू नये. धर्माच्या नावावर मते मागणे हा भ्रष्ट मार्ग आहे, उमेदवाराचाच नव्हे तर मतदाराचा धर्म पुढे केला तरी, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने 2 जानेवारी 2017 रोजी बहुमताने सांगितले. ते प्रकरण मुंबईतल्या सांताक्रूझच्या 1990च्या निवडणुकीतले होते. निकालाला 27 वर्षे लागली. गुरुवारच्या आरतीला उभा असलेला माणूस कुणाचाही मतदार म्हणून तिथे आलेला नसतो.

आता फुटबॉल. अग्रलेखात तो कशाला, असे कुणी विचारेल. दिंडोरीचे पोर रात्री जागून जे पाहते, त्याविषयी हिरिरीने वाद घालते, त्याला आम्ही कमी लेखत नाही. शिवाय मताची किंमत काय असते याचा ताजा धडा याच खेळाने दिला आहे. जर्मनीत क्लबमधल्या मतांचा निम्म्याहून अधिक वाटा सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे. तिथल्या लीगने डिसेंबर 2023 मध्ये बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटा द्यायचे ठरवले. प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकले, सामने थांबत गेले. 21 फेब्रुवारी 2024 रोजी लीगने तो बेत सोडून दिला. आपल्याकडे 2010 मध्ये फुटबॉल महासंघाने 700 कोटींत 15 वर्षांसाठी व्यापारी हक्क एका उद्योगसमूहाच्या कंपनीकडे दिले. पैसा आला, झगमगाट आला, ते नाकारू नये. पण करार संपत आला तेव्हा लीगचा 2025चा हंगाम अडला आणि नव्या निविदेला एकही बोली आली नाही. खेळाडू आणि प्रेक्षक वाट पाहत बसले. त्यांना विचारावे अशी व्यवस्थाच कुणी केली नव्हती.

नोव्हेंबर 2025 मध्ये कुरासाओ नावाचे बेट विश्वचषकाला पात्र ठरले. लोकसंख्या जेमतेम दीड लाख. एकट्या दिंडोरी तालुक्याची 2011च्या जनगणनेत तिच्या दुप्पट होती. त्यांचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले, वाढले, हे खरे. त्यातूनही कळते की पोराच्या पायापेक्षा त्याला मिळालेले मैदान आणि प्रशिक्षक जास्त ठरवतात. आपल्याकडे अंगात कमी नाही. चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदणाऱ्या बापाचा पोरगा. सैन्यात गेल्यावर त्याच्या हातात वल्हे आले आणि तो 2016ला रिओ ऑलिंपिकला पोचला. दुष्काळी गावाच्या पोराला होडी सैन्याने दिली, तालुक्याने नाही.

पाणी असो, माल असो की मैदान, मनातल्या मताला पाट नाही; म्हणून आमचे मागणे ग्रामसभेपाशी येते. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. दिंडोरीचा काही भाग पेसा क्षेत्रात आहे आणि 2014च्या नियमांनी तिथल्या पाड्यालाही आपली स्वतंत्र ग्रामसभा मागता येते. प्रत्यक्षात सभा भरते सकाळी, झेंडावंदनानंतर, बागेत मजूर आलेले असताना. गणपूर्ती होत नाही, ती तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. दहा-पंधरा जणांत ठराव होऊन जातात. सभा संध्याकाळी सातला घ्या. बायकांची सभा आधी घ्यायची असते ती खरोखर घ्या, नुसत्या सह्या गोळा करू नका. औद्योगिक वसाहतीचे पाणी, व्यापाऱ्याची नोंदणी, जत्रेच्या मंडपातले फलक, शाळेमागच्या पडीक गायरानावरचे मैदान, हे चारही विषय पत्रिकेवर ठेवा. बोलणाऱ्याचे म्हणणे विरोधात असले तरी त्याच्या नावानिशी ठराववहीत लिहा आणि त्या पानाची प्रत आठ दिवसांत पंचायतीच्या फळ्यावर लावा.