ज्येष्ठांचा व्यायाम एका दिवसापुरता नको

वर्धा : महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, आले तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. नित्य पायी फिरणे हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग होता. त्याच वर्धा जिल्ह्यात ज्येष्ठांचा व्यायाम २१ जूनच्या योगदिनापुरता उरू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही.

याबाबत परंपरा मात्र एकमुखी नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त वृद्धांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. उलट हो जुन यांच्या १६१३ मधील 'दोंगुइ बोगाम' या कोरियन वैद्यकग्रंथात श्वासासह करावयाच्या सौम्य हालचालींना स्थान आहे. वाग्भटाचा निषेध दमछाक करणाऱ्या श्रमांपुरता मानल्यास हा विरोध फारसा उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस स्पष्ट आहे. ज्येष्ठांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. शिवाय किमान तीन दिवस तोल व स्नायुबळ राखणाऱ्या हालचाली कराव्यात. कारण उतारवयात एकदा पडून खुबा मोडला की अनेकांचे स्वावलंबन कायमचे जाते.

'आयुष्यभर शेतात राबलो, आता व्यायाम कशाला,' हा समज येथेच घातक ठरतो. तरुणपणीचे कष्ट म्हातारपणीचा तोल सांभाळत नाहीत. गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये वृद्धांची काळजी आणि योग दोन्ही अंतर्भूत आहेत. ती सोय ज्येष्ठांच्या रोजच्या सवयीत उतरली, तरच योगदिनाला अर्थ राहील.