मूठ सव्वा लाखाची

आपल्याकडे 'बास' म्हणजे पुरे. अमेरिकेत मात्र 'बास' म्हटलं की कुणाचंच पुरे होत नाही! ऑनसाइटला डॅलस नाहीतर अटलांटाला जाऊन दोन-तीन महिने झाले, की एखाद्या शुक्रवारी शेजारच्या क्युबिकलमधून विचारणा होते, 'उद्या लेकवर येतोस का, बास पकडायला?' मेतकूट, कुकर आणि चार फॉर्मल शर्ट एवढ्या तयारीनिशी गेलेला आपला मराठी गडी हो म्हणतो आणि त्याच संध्याकाळी स्पोर्ट्सच्या दुकानात एका लांबलचक भिंतीसमोर उभा राहतो. भिंतीवर रॉडच रॉड. सगळे बारीक, सगळे चकचकीत, आणि किमती मात्र ३० डॉलरपासून ३००च्याही पुढे. आता यातला घ्यायचा कुठला?

तर मंडळी, आजचा फंडा त्या भिंतीचा.

आधी माशाची ओळख करून घेऊ. लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला, भल्यामोठ्या जबड्याचा, तापट डोक्याचा शिकारी. जॉर्ज पेरी यांनी १९३२मध्ये जॉर्जिया राज्यात २२ पाउंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त भरणारा बास पकडला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं आणि ती झाली थेट जपानच्या बिवा सरोवरात, मानाबू कुरिता यांच्या हातून. मधली ७७ वर्षं अमेरिकेतले गळवाले त्या आकड्याच्या मागे होते. १९७१मध्ये सुरू झालेली 'बासमास्टर क्लासिक' ही तर या मंडळींची वर्ल्ड कपच.

गळ टाकायचा आणि झाडाखाली डुलक्या काढायच्या, हे आपल्या डोक्यातलं चित्र इथे चालत नाही. बनावट आमिष लांब फेकायचं, लाइन गुंडाळताना ते जिवंत असल्यासारखं नाचवायचं, आणि पुन्हा फेकायचं. दिवसभरात शेकडो वेळा. एवढा वेळ ती वस्तू हातात राहणार असेल, तर पहिला प्रश्न 'किती डॉलर?' हा नाहीच. पहिला प्रश्न, 'माझ्या हाताला कशी वाटते?'

रॉडची कुंडली

मुठीच्या थोडं वर बारीक अक्षरांत रॉडची कुंडली छापलेली असते. त्यात तीन ग्रह महत्त्वाचे. लांबी, पॉवर आणि अ‍ॅक्शन. बाससाठी साधारण साडेसहा ते साडेसात फूट लांबी चालते. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते, लाइटपासून हेवीपर्यंत. अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठे वाकतो ते. 'फास्ट' रॉड टोकाशी वाकतो, 'मॉडरेट' पार मध्यापर्यंत. कोणत्या वजनाची लाइन आणि आमिष चालेल, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

पहिलाच रॉड असेल तर ७ फुटी, मीडियम पॉवरचा, फास्ट, स्पिनिंग रॉड घ्या आणि निवांत राहा. स्पिनिंगचं रीळ रॉडच्या खाली लटकतं. बेटकास्टिंगचं रीळ वर बसतं, दिसायला जाम भारी दिसतं. पण फिरणारं स्पूल अंगठ्यानं वेळेवर आवरता आलं नाही तर लाइनचं असं काही घरटं होतं, की अख्खी सकाळ ते सोडवण्यात जाते. ते पुढच्या वर्षी.

बूच की फोम?

आता खरी गंमत, मुठीची. भिंतीवर दोन पार्ट्या दिसतील. तपकिरी मुठीचे रॉड कॉर्कचे, काळ्या मुठीचे ईव्हीएचे.

कॉर्क म्हणजे बूच. पुण्याच्या रस्त्यांवर ज्याच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो, ते बुचाचं झाड वेगळं बरं का! हा कॉर्क ओक, आणि जगातलं निम्म्याच्या आसपास बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. झाड साधारण २५ वर्षांचं झालं की पहिल्यांदा साल काढतात, नंतर दर नऊ वर्षांनी. झाड तोडावं लागत नाही. साल पुन्हा भरून येते. या सालीच्या चकत्या एकमेकींना चिकटवून, लेथवर फिरवून मूठ घडवतात. वजनाला हलकी, थंडीत गार न लागणारी, ओल्या हातातही बऱ्यापैकी पकड देणारी. शिवाय कडक असल्यामुळे रॉडची थरथर हातापर्यंत पोचू देते.

मग अडचण काय? चांगलं बूच महाग झालंय. स्वस्त मुठीत भोकं जास्त असतात, आणि ती बुचाचा भुगा नि गोंद यांनी लिंपलेली असतात. नवी असताना गुळगुळीत दिसते, वर्ष-दोन वर्षांत लिंपण गळायला लागतं आणि मुठीला देवीचे व्रण आल्यासारखे दिसतात. म्हणून मूठ बोटानं चाचपून बघा. रंगात वेगळे दिसणारे ठिपके जितके कमी, तितकं बूच चांगलं.

ईव्हीए तर तुमच्या पायातच असतं! रनिंग शूजच्या तळव्यातला फोम तो हाच. पाणी पीत नाही, कोपरे तुटत नाहीत, साबणानं धुतला की स्वच्छ. दोन रॉडमध्ये दर्जाचा फारसा फरक पडत नाही आणि खिशालाही सोसतो. पण मऊ फोम थरथर थोडी गिळतो, उन्हात काळी मूठ तापते, आणि ओली झाली की काही जणांना ती निसरडी वाटते. फोम नखानं दाबून बघा. खोल दबला तर सोडून द्या, घट्ट असेल तर बिनधास्त घ्या.

तिसरा भिडू म्हणजे रबर मिसळलेलं बूच. ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, थोडं जड असतं, पण मार खातं. म्हणून ते मुठीच्या टोकांना लावतात.

हात नेमका कुठे असतो?

इथे थांबा आणि एक गोष्ट करून बघा. रॉडला रीळ लावून घ्या, अगदी मासे पकडताना धरतात तसा धरा आणि खाली बघा. तुमची बोटं कॉर्कवर नाहीत, फोमवरही नाहीत. ती रीळ जिथे बसतं त्या सीटवर आहेत! मागची मूठ बहुतेक वेळ कोपराखाली असते आणि दोन हातांनी लांब फेकताना कामाला येते. म्हणूनच तर मधला भाग कापून टाकलेल्या 'स्प्लिट ग्रिप'वर कुणाचं काही अडत नाही.

थोडक्यात काय, तर बूच की फोम हा वाद चहाबरोबर घालायला मस्त आहे, पण पैसे टाकताना आधी सीट बघा. ती तळव्यात नीट बसते का? रॉडचा नळा बोटाला कुठे लागतो का? बास कधीकधी नुसती टिचकी मारतो आणि आमिष थुंकून टाकतो. ती टिचकी त्या बोटालाच कळणार असते. मग रिळासकट रॉड एका बोटावर तोलून बघा. टोक सारखं खाली झुकत असेल, तर संध्याकाळपर्यंत मनगट बोंबलणार. दिवसाचे नऊ तास माऊस धरणाऱ्या मनगटाला वीकेण्डलाही तीच शिक्षा कशाला?

आणि हो, रॉड फार लेचापेचाही नको. तिकडे बास पकडून पुन्हा पाण्यात सोडायची रीत आहे. नाजूक रॉडवर मोठा मासा खेळवत बसलात तर तो इतका दमतो, की सोडल्यावरही जगेलच असं नाही. योग्य ताकदीचा रॉड माशाचाही जीव वाचवतो. राज्याचं फिशिंग लायसन्स काढायला मात्र विसरू नका.

घरी परत आणायचा विचार असेल तर दोन तुकड्यांचा रॉड घ्या. ७ फुटी अखंड दांडा विमानात नेताना घाम फुटतो. कोकणातल्या खाडीत जिताड्यामागे जायचं असेल तर मीडियम-हेवी बघा, आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर रॉड न चुकता गोड्या पाण्यानं धुवा. तिथे फोमची मूठ सोयीची.

बॅट घेताना आपण काय करतो? स्टिकर नंतर, आधी हातात घेऊन पिकअप बघतो. इथेही तेच. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण ही मूठ धरून, दाबून, तोलूनच घ्यायची!