आपले किती निवडून आले?

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी फजरच्या सुमारास मोबाईलवर एक यादी येऊन पडते. 'आपले' किती निवडून आले त्याची. 2024च्या लोकसभेनंतर यादी करणाऱ्याला फार कष्ट पडले नसतील. महाराष्ट्राच्या 48 खासदारांत एकही मुसलमान नव्हता. विधानसभेला 288मध्ये दहा. यादीखालचा मजकूर ठरलेला असतो : कौमने आता तरी जागं व्हावं, आपला पक्ष, आपला उमेदवार, आणि जमलं तर आपल्या वेगळ्या जागा. परवा एक बुजुर्ग स्नेही तर म्हणाले, "विभक्त मतदारसंघ गेले तिथंच आपण संपलो." मी म्हटलं, "चाचा, एकदा फिजीचं 1977 वाचा." ते हसले. एवढ्याशा बेटाचं आपल्याला काय, असं त्यांचं म्हणणं. म्हणून हे लिहायला बसलो.

फिजीची लोकसंख्या आजही नऊ लाखांच्या आसपासच आहे. 1879 ते 1916 या काळात साठ हजारांवर हिंदुस्थानी मजूर तिथं उसाच्या मळ्यांत नेले गेले, पाच वर्षांच्या 'गिरमिट'वर. एकाच जहाजात हिंदू, एकाच जहाजात मुसलमान, आणि मुकादमाचा चाबूक दोघांच्या पाठीवर सारखाच. गिरमिट संपल्यावर बहुतेक तिथंच राहिले, मूळ फिजीयन कुळांच्या जमिनी भाडेपट्ट्यानं घेऊन ऊस लावू लागले. 1929मध्ये विधिमंडळात पहिले तीन हिंदुस्थानी सदस्य निवडून गेले. त्यांनी मागणी केली की सर्व वंशांची मतदारयादी एकच असावी. ती फेटाळली गेली आणि ते सभागृहाबाहेर पडले. त्याच सुमारास फिजी मुस्लिम लीग मुसलमानांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागत होती. इंग्रजांना दोन्ही अर्ज एकाच टेबलावर बघून किती बरं वाटलं असेल याची कल्पना आपल्याला करता येते. आपल्याकडे हा खेळ त्यांनी आधीच खेळून पाहिला होता. एक यादी मिळाली नाही. आणि मुसलमानांसाठी वेगळी राखीव जागा? तीही स्वतंत्र फिजीच्या कुठल्याच घटनेत आली नाही.

सिद्दिक कोया या वकिलाचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, हे आपलं दुर्दैव. केरळी वंशाचा हा मुसलमान आणि गुजरातचे ए. डी. पटेल, या दोघांनी मिळून ऊस शेतकऱ्यांची बाजू लढवली. ऑस्ट्रेलियाची साखर कंपनी एका बाजूला, भाडेपट्ट्यावरचा शेतकरी दुसऱ्या बाजूला. लॉर्ड डेनिंग यांच्यापुढचा लवाद शेतकऱ्यांच्या बाजूनं गेला आणि थोड्याच वर्षांत, 1973मध्ये, कंपनीनं फिजीतून काढता पाय घेतला. 1969मध्ये पटेल वारले तेव्हा बहुसंख्य हिंदू अनुयायी असलेल्या नॅशनल फेडरेशन पार्टीचं नेतृत्व कोयांकडे आलं. ते कुठल्या मुस्लिम जागेमुळं आलं नव्हतं. उसाच्या भावामुळं आलं होतं.

1970च्या घटनेत 52 जागा वंशावर वाटल्या होत्या : 22 मूळ फिजीयनांच्या, 22 हिंदुस्थानींच्या, उरलेल्या आठ इतरांच्या. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त जागांवर आपल्याच वंशाच्या लोकांनी मत द्यायचं, बाकीच्यांवर सगळ्यांनी. हिंदुस्थानी तेव्हा लोकसंख्येच्या जवळजवळ निम्मे होते, तरी त्यांना 22च. खरी खोट मात्र आकड्यात नव्हती. वंशाच्या यादीवर उभ्या असलेल्या माणसाला शेजाऱ्याची भीती वाढवली तरी काही तोटा होत नाही. शेजारी त्याला पाडू शकत नाही. साकेआसी बुताद्रोका याला हे बरोबर कळलं. 1975मध्ये त्यानं संसदेत ठराव आणला की हिंदुस्थानींना परत हिंदुस्थानात पाठवून द्यावं. 'पाकिस्तानला जा' ऐकून वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हा माणूस लगेच ओळखू येईल. फरक एवढाच की तिथं हे वाक्य हिंदू आणि मुसलमान दोघांनाही उद्देशून होतं.

मार्च-एप्रिल 1977च्या सार्वत्रिक निवडणुकीत बुताद्रोकानं मूळ फिजीयनांची मतं फोडली. रातू मारा यांच्या अलायन्स पक्षाला 24 जागा, कोयांच्या पक्षाला 26. एक बुताद्रोकाला, एक अपक्षाला. एक मुसलमान फिजीचा पंतप्रधान होणार होता. आमच्या यादीवाल्यांना तेव्हा मोबाईल असता तर काय मजकूर फिरला असता!

पण पंतप्रधान झाले मारा. कोयांचा पक्ष नेता कोण यावर भांडत बसला. भाडेपट्ट्याच्या नव्या कायद्यावरून आधीच दोन तट पडले होते. कोया एका बाजूला, जयराम रेड्डी दुसऱ्या. वेळ गेला. कोया शपथ घ्यायच्या तयारीनं गव्हर्नर जनरलकडे पोचेपर्यंत मारा यांची पुन्हा नेमणूक झालेली होती. गव्हर्नर जनरल रातू जॉर्ज थाकोम्बाऊ हे स्वतः मूळ फिजीयन सरदार. त्यांच्या निर्णयावर आजही वाद घालता येईल, आणि घालावा. पण दार उघडं कुणी ठेवलं? सप्टेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली. पक्षाची दोन शकलं, एकाची निशाणी फूल, दुसऱ्याची कबुतर, आणि जमिनीच्या भांडणाला आता हिंदू-मुसलमान असा रंग चढला. फूल 12, कबुतर 3, अलायन्स 36. खुद्द कोया आपली जागा हरले, रेड्डींकडूनच. हिंदूंना हिंदूंची मतं मिळाली, मुसलमानांना मुसलमानांची. सत्ता दोघांकडून गेली. 1987मध्ये हिंदुस्थानींच्या पाठिंब्यावर सरकार आलं तेव्हा महिन्याभरात लष्करी उठाव झाला, आणि बंदूक घेऊन संसदेत शिरलेल्या सैनिकांनी धर्म विचारला नव्हता.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही सरकारी 'राष्ट्रीय ऐक्य'वाल्यांचीच री ओढताय. नाही. 48मध्ये शून्य हा अपमानच आहे. आमची मतं घ्यायची, व्यासपीठावर टोपी घालायची, रमजानमध्ये इफ्तारला यायचं आणि तिकीट वाटताना 'निवडून येण्याची क्षमता' काढायची, हे धर्मनिरपेक्ष म्हणवणारे पक्ष वर्षानुवर्षं करत आलेत. त्यांना कोयांच्या अनुयायांइतकंही धैर्य नाही. आणि अल्पसंख्याकांची भीती हे सत्ताधाऱ्यांचंही भांडवल असतं. डिसेंबर 2022मध्ये बैनीमारामा यांचा पक्ष 55पैकी 26 जागांवर अडकला, तेव्हा सरकारकडून सांगण्यात आलं की अल्पसंख्याकांना धोका आहे, लष्कर मदतीला बोलावतो. विरोधक म्हणाले, भीती दाखवून खुर्ची राखायची आहे. 28 विरुद्ध 27 मतांनी राबुका पंतप्रधान झाले, तेच 1987च्या उठावाचे राबुका. त्या सरकारात पंधरा वर्षं ॲटर्नी जनरल असलेले अयाज सय्यद-खय्यूम यांच्यावर टीका करण्यासारखं पुष्कळ होतं, वृत्तपत्रांची गळचेपी तर होतीच. पण टीका बघता बघता 'मुसलमान' या शब्दावर यायची. त्या देशात शंभरात सहा-सात मुसलमान. एक खुर्चीवर बसला की साऱ्या जमातीनं त्याचा जाब द्यायचा. 'आपला माणूस' मोजण्याची हीसुद्धा किंमत असते, आणि ती यादीत लिहिलेली नसते.

मागायचंच तर काही कामाचं मागा. 2013च्या घटनेनं फिजीत वंशाच्या याद्या गेल्या. सगळा देश एक मतदारसंघ, पक्षाला जितकी मतं त्या प्रमाणात जागा. उठावातून आलेल्या सरकारची ही घटना, तिच्यात दोष आहेत. पाच टक्क्यांची अट तर लहान पक्षांचा गळाच घोटते. फक्त मुसलमानांचा पक्ष काढला आणि झाडून सगळ्यांनी त्याला मत दिलं, तर तो ती अट जेमतेम ओलांडेल; झाडून सगळे कधी मत देतात का, ते मोहल्ल्याच्या कमिटीवर बसलेल्या कुणालाही विचारा. पण विखुरलेल्या माणसाचं मत तिथं वाया जात नाही, आणि पक्षाला वस्तीवस्तीत जाऊन ते मागावं लागतं.

ही काही परदेशी कल्पना नाही. घटना समितीत जानेवारी 1949मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन प्रमाणशीर प्रतिनिधित्वासाठी बोलले होते, संयुक्त प्रांतातले झेड. एच. लारी त्यांच्याबरोबर. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. देशात साक्षरता कमी आहे आणि सरकार स्थिर हवं, ही त्यांची कारणं. यातलं पहिलं कारण आज उरलेलं नाही, दुसऱ्यावर बोलता येईल. करीमुद्दीन ज्या वऱ्हाडातून गेले तिथल्या किती मुसलमान घरांत त्यांचं नाव माहीत आहे? मी चाचांना विचारलं. त्यांनाही नव्हतं. भाषण घटना समितीच्या छापील कामकाजात आहे. मी त्याची प्रत त्यांना देऊन आलोय. वाचून झाल्यावर भांडायला येतो म्हणालेत.