फरसबीचं पाप कुणाच्या माथी?



गेल्या रविवारी बस्तीत स्वाध्याय संपल्यावर फरसबीचा विषय निघाला. घरची पिशवीभर ताजी फरसबी मी वाटायला नेली होती. एका काकूंनी हातात घेतली, कौतुक केलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं, पण माती उकरायचं पाप कशाला ओढवून घ्यायचं? मंडईतून आणावी, धुवावी, करावी." दोघीतिघींनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. (मोठ्यांपुढं बोलायचा धीर होत नाही, घरी येऊन लिहायला मात्र हात शिवशिवतात.)

तर माझं म्हणणं असं. मंडईतली फरसबी काही आभाळातून पडत नाही. तिच्यासाठीही कुणीतरी जमीन नांगरली, आणि मावा पडला तेव्हा बहुतेक वेळा औषधही मारलं. आपण फक्त पैसे मोजले. आलोचना करताना कृत, कारित, अनुमोदना असं तिन्ही म्हणायचं, आणि भाजीवाल्यासमोर उभं राहिलं की त्यातलं फक्त 'कृत' लक्षात ठेवायचं, हे मला पटत नाही.

घरी लावताना आरंभी हिंसा होते, ते मी नाकारत नाही. पण गृहस्थानं सोडायची ती संकल्पी हिंसा. बाकीची होता होईल तेवढी कमी करायची. ते कमी करणं माझ्या हातात आहे, मंडईत नाही. चातुर्मासात मी मातीला हात लावत नाही, ओलीत जीव फार. कार्तिक पौर्णिमा झाली की लावते, आणि फरसबीलाही आपल्याकडची ती हलकी थंडी मानवते. कुदळ नाहीच. बोटानं इंचभर भोक पाडायचं, बी टाकायचं, माती सारायची. दोन बियांत अर्धी वीत अंतर. बी भिजत घालू नका, कुजतं. मी 'अर्का कोमल' लावते. बुटकी जात, गुडघ्याएवढी होते, मांडव नको की काठ्या नकोत. पन्नासेक दिवसांत शेंगा धरतात.

खरी परीक्षा माव्याची. दोन वर्षांपूर्वी भिंतीकडच्या वाफ्यात कोवळे शेंडे काळे झाले. शेजारणीनं फवाऱ्याची बाटली आणून दिली. खरं सांगते, झाकण उघडलं होतं. एकेका शेंड्यावर शेकडो जीव हलताना दिसत होते, आणि आता जे करायचं ते जाणूनबुजून, नेम धरून. झाकण लावलं. त्या वाफ्यातली आठही झाडं गेली. दुसऱ्या वाफ्यात ढालकिडे आले, त्यांनी मावा खाल्ला आणि ती झाडं वाचली. त्याचा हिशेब कसा मांडायचा, मला कळत नाही. पण मंडईतून आणली असती तर ती बाटली माझ्या नावानं दुसऱ्याच कुणीतरी उघडली असती.

तोडणीबद्दल चारचौघी विचारतात म्हणून सांगते. शेंग पेन्सिलीपेक्षा बारीक असताना घ्यावी, आत दाणा फुगलेला नको, मोडली की कट्ट वाजली पाहिजे. एका हातानं फांदी धरून दुसऱ्यानं शेंग खुडायची. नुसती ओढली तर अख्खं झाड हातात येतं. पानं ओली असताना हात लावू नका, तांबेरा पसरतो. दर दोन-तीन दिवसांनी तोडली तर झाड फुलत राहतं. शेंगा जून झाल्या की ते फुलायचं थांबतं. अष्टमी-चतुर्दशीला आपल्याकडे हिरवी चालत नाही, म्हणून मी आदल्या दिवशी तोडून त्याच दिवशी संपवते. नजरेतून सुटलेल्या शेंगा झाडावरच वाळू देते, त्याचंच पुढचं बियाणं. आणि घरची झाली तरी प्रत्येक शेंग उकलून, शोधूनच घ्यायची. त्यात सवलत नाही.

ज्यांनी आठवी प्रतिमा घेतली आहे, आरंभाचाच त्याग केला आहे, त्यांनी लावू नये, हे उघड आहे. पण आपण अजून चूल पेटवतो, दळतो, कांडतो, घर सारवतो-पुसतो. मग नेमक्या फरसबीच्या वाफ्यालाच पाप का चिकटावं? काकूंना हे पुढच्या रविवारी तोंडानं सांगायचं ठरवलंय.

उद्या चतुर्दशी. दहा वाजून गेलेत, पानांवरचं दव वाळलं असेल. टोपली घेऊन निघते.