नवा गिनीपिग थेट मुलांच्या मांडीवर नको

मुलांनी हट्ट धरला की घरात गिनीपिग येतो. गुबगुबीत, शांत आणि सहसा न चावणारा प्राणी. दुकानातून आणल्यावर पाच मिनिटांत तो मुलांच्या मांडीवर असतो आणि दोन-तीन आठवड्यांनी मुलं माझ्यासमोर.

अशीच एक आठ वर्षांची मुलगी गालावर आणि मानेवर गोल चट्टे घेऊन आली. मी नायट्याचं औषध दिलं. चट्टे गेले, महिन्याभरात परत आले आणि या वेळी आईच्या हातावरही दिसले. तेव्हा कुठे मी विचारलं, "घरी एखादा प्राणी आहे का?" होता. नवा गिनीपिग. त्याच्या नाकाजवळचे आणि डोळ्यांभोवतीचे केस गेले होते. "उष्णतेने होतं," असं दुकानदाराने सांगितलं होतं. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. पण डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही आपणहून सांगा, हे या लेखाचं निम्मं सार आहे.

काय काय लागू शकतं?

गिनीपिगकडून माणसाला होणारा सर्वांत महत्त्वाचा त्वचारोग म्हणजे नायटा, म्हणजेच गजकर्ण. ही बुरशी आहे. प्राण्याचे केस गळतात, कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. पण काही गिनीपिग वरून ठणठणीत दिसतात आणि तरीही बुरशी बाळगून असतात. बुरशीचे सूक्ष्म कण पिंजऱ्यात आणि कपड्यांवर अनेक महिने टिकू शकतात.

दुसरा त्रास लुतीचा. अतिसूक्ष्म किडे कातडीत शिरतात आणि प्राणी इतका खाजवतो की जखमा होतात, कधी झटकेही येतात. माणसाच्या अंगावर हे किडे टिकून वाढत नाहीत, पण खाज येऊन पुरळ उठू शकतं.

मेडिकलमधली ट्यूब नको

चट्टा दिसला की आपण मेडिकलमधून एखादी ट्यूब आणतो. अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, लाली ओसरते आणि आतली बुरशी मात्र निवांत पसरते. स्टिरॉइड मलमांच्या विक्रीवर केंद्र सरकारने 2018 मध्ये निर्बंध कडक केले, तरी हातात ट्यूब घेऊन येणारे रुग्ण मला आजही भेटतात. डोक्यात चट्टा पडून केस गळत असतील तर नुसतं मलम पुरतच नाही, पोटातून औषध लागतं.

मग करायचं काय?

- नवा प्राणी आणल्यावर किमान तीन आठवडे त्याला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. घरात आधीचा गिनीपिग असेल तर त्याच्यापासूनही दूर.
- या काळात त्याचं सगळं मोठ्यांनी करावं आणि नंतर साबणाने हात धुवावेत. बिछान्यात त्याला कधीच नको.
- पहिल्याच आठवड्यात पशुवैद्यांना दाखवा.
- संसर्ग निघाला तर प्राणी, माणसं आणि पिंजरा या तिघांचा उपाय एकाच वेळी करा. अंथरलेलं गवत, कागद टाकून द्या. प्राण्याला बाहेर काढून पिंजरा घासा, पातळ केलेल्या ब्लीचने पुसा, धुऊन पूर्ण वाळवा.
- माणसांची औषधं त्याला देऊ नका. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिनसारखी अँटिबायोटिक्स पोटातून दिली तर गिनीपिगचा जीव जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. माणसाप्रमाणेच गिनीपिगलाही स्वतःच्या शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार करता येत नाही. ते कमी पडलं की त्वचा आणि केस बिघडतात, प्रतिकारशक्ती घटते. त्याला रोज ढोबळी मिरची, कोथिंबीर द्या.

त्याला सोडून देऊ नका

"मग सोडूनच देतो कुठेतरी," असंही काही पालक म्हणतात. कृपया तसं करू नका. बाहेर तो जगणार नाही आणि घरातली बुरशीही त्याच्याबरोबर जाणार नाही. दोष त्या जिवाचा नाही. दाटीवाटीच्या पिंजऱ्यात आजारी प्राणी ठेवून विकणाऱ्याचा आहे, आणि न पाहता घेणाऱ्या आपला. घेताना पाच मिनिटं त्याचे कान, नाक, पाठ निरखून बघा. केस गेलेला किंवा सतत खाजवणारा एकही प्राणी त्या पिंजऱ्यात दिसला, तर तिथून घेऊ नका.

त्या मुलीचा गिनीपिग आजही तिच्याकडेच आहे. दोघंही बरे आहेत.